विसनखीचा काळा दोरा

आमच्या कुत्रीला पिल्लं झाली आणि अर्ध्या वडवणीला माझ्या घरचा चहा प्यावासा वाटू लागला. कप खाली ठेवायच्या आत पाहुणा मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उकिडवा बसून पिल्लांची नखं मोजायला लागायचा. कुत्र्याला सहसा अठरा नखं असतात. वीस भरली तर ते राखणीला पक्कं, अशी आमच्याकडची श्रद्धा. आमच्यात एकच विसनखी निघालं, तांबूस रंगाचं. त्यावर पहिली झडप घातली दिंद्रुडच्या माझ्या मेव्हण्यानं. खिशातून काळा दोरा काढून त्यानं पिल्लाच्या गळ्यात बांधला. म्हणजे ते त्याचं झालं, दुसऱ्यानं हात लावायचा नाही.

मी म्हणालो, "बांधा खुशाल. पण न्यायचं दोन महिन्यांनी."

"दाजी, डोळं उघडलं की उचलायचं असतंय. आईची वळख पटली तर ते आपलं काय ऐकणार हाय?"

मग मी माझा खास प्रयोग सादर केला. पिल्लू भावंडाला कडकडून चावतं, भावंड केकाटतं, आई दात दाखवते आणि तेव्हा कुठं त्याला कळतं की दात किती लावायचे. हे सगळं मी भुंकून, केकाटून, गुरगुरून दाखवलं. आईचं दूध तुटून ते दूधभाकरीचा काला खायला शिकतं, हेही जनावरांच्या डॉक्टरच्या हवाल्यानं सांगितलं. मेव्हण्यानं मन लावून ऐकलं. मग विचारलं, "मग बाजारच्या दिवशी नेऊ का?"

बाजारच्या दिवशी मी भाजी घेऊन परतलो तर शेडमध्ये विसनखी नव्हतं. पिल्लांना जेमतेम तीन आठवडे झालेले. भावानं नेलं, असं बायकोनं कणीक तिंबता तिंबता सांगितलं. एवढ्याशा जिवापायी सख्ख्या भावाला नाही म्हणू का, असंही विचारलं. कुत्री माझ्या हातातली पिशवी हुंगत होती. मेथी बाहेर काढून तिनं पिशवीच्या तळापर्यंत तोंड घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मेव्हण्याचा फोन. पिल्लू बोळ्यानं पीत नव्हतं, बाटलीनं पीत नव्हतं, नुसतं कुईकुई करत होतं. मी मोटारसायकल काढली, दिंद्रुड गाठलं, ते शर्टात घातलं आणि आणून आईपुढं ठेवलं. तिनं ते चाटून चाटून ओलंचिंब केलं.

दोन महिने भरले. पिल्लू काला खात होतं, चप्पल पळवत होतं, हाक मारली की येत होतं. मी विजयी आवाजात मेव्हण्याला फोन लावला.

"आता कशाला, दाजी? ते लई थोराड झालं. मी नांदूरघाटहून दुसरं आणलंय. आत्ताच डोळं उघडलेत बघा त्याचं."

बाकीची पिल्लंही कुणी नेईनात. ज्यांनी चहा ढोसला होता, त्यांचंही तेच: कुत्रं मोठं झालं.

विसनखीच्या गळ्यातला दोरा आता घट्ट होत होता. मी कात्री घेऊन बसलो. त्याला ते आवडलं नाही. त्यानं माझं बोट दातात धरलं. मी "आई गं" म्हणताच लगेच सोडलं, आणि वर ते बोट चाटलं.

दोरा कापला. एवढं शिकलेलं कुत्रं, आणि ते दाखवायला शेडमध्ये एक पाहुणा नव्हता.