सुलूकाकीच्या खोलीतले कोळी

परवा लेकीचा ओठ सुजला. "रात्री तोंडावरून कोळी फिरला असेल," असं मी म्हटल्यावर डिचोलीच्या डॉक्टरीणबाई हसल्या. "कोळी झोपलेल्या माणसाच्या तोंडावर कशाला येईल?" त्या म्हणाल्या, आणि मी हळर्णच्या आमच्या घरात जाऊन पोहोचले.

मी दुसरीत होते. सुलूकाकीचा ओठ पुन्हा फुटला होता. त्यावर ओल्या हळदीचा लेप लावत ती म्हणाली, "निजेत कोळी फिरलो गो." घरात सगळे तेच म्हणायचे. मला तिची फार दया आली. दुपारी केरसुणी घेऊन मी तिच्या खोलीतली जाळी काढायला लागले. वासे उंच होते, म्हणून काकांनी हसत माझं स्टूल धरलं. कुबट धुरळा नाकातोंडात जात होता.

"आता एकय कोळी नाय हां, काकी!" मी वरून ओरडले.

"शाणी गो आमची बाय," काका म्हणाले. दारात उभी असलेली काकी आत वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा डोळा काळानिळा झाला होता. मला जवळ ओढून ती म्हणाली, "एक रवलो आसतलो गो बाये."

मी वर वाशांत तो उरलेला कोळी शोधत राहिले. शेजारी चहा पीत बसलेल्या काकांकडे पाहायचं मला सुचलंच नाही.