शाळेत बसतो तसंच बसायचं!

लॉकडाऊन संपून इतकी वर्षं झाली, तरी आमच्या स्टाफरूममध्ये चहा आला की ऑनलाइन वर्गाचा एखादा किस्सा निघतोच. एकाने काढला की दुसऱ्याला दोन आठवतात! माझ्या वाट्याला सातवीचं गणित होतं, त्यामुळे माझ्याकडे साठा जरा जास्तच.

सगळ्याचं मूळ आमच्या मुख्याध्यापकांच्या नियमांत. कॅमेरा चालू, अंगात युनिफॉर्म, शेजारी कुणी नको, उत्तर तोंडी आणि मोठ्याने. शेवटी ठळक अक्षरांत, "शाळेत बसतो तसंच बसायचं!"

पोरांनी हे फारच मनावर घेतलं. पहिल्याच आठवड्यात सर तपासायला वर्गात आले आणि "गुड मॉर्निंग सर" म्हणत अख्खा वर्ग सवयीने उभा राहिला! स्क्रीनवर एकाचंही तोंड दिसेना. वर युनिफॉर्मचा शर्ट आणि खाली बर्मुडा, टॉवेल, एकाला तर वडिलांची लुंगी! सर घाईघाईने म्हणाले, "बसा, बसा! आधी बसा!"

*

खुलताबादकडचा बिरू रेंजसाठी डोंगरावर जाऊन बसायचा. मागे सगळी मेंढरं.

"बिरू, नियम काय आहे? शेजारी कुणी नको."

"मॅडम, ह्यांना हाकललं तर मलाबी ह्यांच्यामागं जावं लागंल!"

मेंढरांना वर्गात बसायची परवानगी मिळाली.

*

एकदा माझाच माइक चालू राहिला आणि सासूबाई आतून ओरडल्या, "अगं, कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या?"

अपूर्णांक विचारले की मौनव्रत धरणारा वर्ग एकदम जागा झाला. "तीन, आजी!" "नाय नाय, चार!" भांडण मिटेपर्यंत तास संपला. वरण करपलं ते वेगळंच.

*

आणि वाळूजची रेखा. सगळे नियम पाळायची, फक्त बोलायची नाही. एकच खोली, वडील कंपनीत रात्रपाळीला. सकाळी येऊन ते तिच्या मागेच, डोक्यावरून चादर ओढून आडवे व्हायचे. मोबाइलही त्यांचाच. पहिल्या दिवशी तिने पाटीवर लिहून दाखवलं, 'पप्पांची झोप मोडेल.' मग उत्तरंही पाटीवरच. मी वर्षभर चालवून घेतलं. फार गुणाची पोर!

तोंडी परीक्षा घ्यायला मात्र सर स्वतः बसले. रेखाचा नंबर आला, तिने पाटी वर केली.

"पाटी नाही! तोंडी म्हणजे तोंडी. बोलली नाहीस तर मार्क नाहीत."

तिने मागे वळून चादरीकडे पाहिलं. नुसते ओठ हलले.

"ऐकू येत नाही!" सर म्हणाले.

तिचे डोळे भरून आले. उत्तर तिला येत होतं, मला ठाऊक होतं, आणि माझा जीव नुसता तुटत होता. सर पुढचं नाव घेणार, तेवढ्यात चादर हलली. आतून आवाज आला,

"बोल की मोठ्यानं, बाळा! रोज मॅडमचा तास ऐकत जागाच पडतो मी."