व्हॉल्व्हवर माझं कुलूप होतं

"पाच मिनिटं बाहेर थांब," सर म्हणाले. "पूजा होईपर्यंत. कशाला वाढवायचं?"

मी कंट्रोल रूमच्या दारात उभा होतो. आत पंडितजी पॅनलला लाल नाडा बांधत होते. टेबलावर हार, मिठाईचे खोके. फरिदाबादच्या त्या कारखान्यात गॅस टर्बाइन उभं केलं, तपासलं, सुरू करण्यापर्यंत आणलं ते मी. कमिशनिंग इंजिनिअर मी. आमच्या धंद्यातली रीतच आहे, नवं मशीन पहिल्यांदा सुरू करायचं बटण कमिशनिंगवाला दाबतो. आणि ते बटण आता माझा ज्युनिअर दाबणार होता. का, ते सरांनी सांगितलं नाही. मला कळायचं ते कळलं.

काही दिवसांपूर्वी साइटवर जेवताना माझा फोन वाजला होता. दिल्लीतल्या द्वारकेहून, बाबांचा. आमच्या घरात फोनवर हॅलो म्हणत नाहीत. मी म्हणालो, "जय भीम, बाबा." समोर बसलेल्या प्लांट हेडचा घास हातातच राहिला. तोवर माझी बडदास्त चालली होती, हे घ्या, ते घ्या. मग त्यांनी माझं आडनाव विचारलं, गाव विचारलं आणि ताट सोडून उठले. दुसऱ्या दिवसापासून माझं जेवण माझ्या केबिनमध्ये यायला लागलं.

आणि हे आमचे सर, माझ्या कंपनीतले वरिष्ठ. करोल बागेतलं जुनं मराठी घर. दर जानेवारीत ऑफिसातल्या सगळ्या मराठी माणसांना गाडीत घालून पानिपतच्या लढाईचं स्मारक आहे तिथे, काला अंबला न्यायचे. वाटेत सांगायचे, दिल्लीत आपण सगळे मराठी, जातबीत काही नाही. मला ते खरं वाटायचं. आणि आता प्लांट हेडचा निरोप त्यांनीच आणला. हळू आवाजात, मराठीत, बाकीच्यांना कळू नये म्हणून. आमची मायबोली त्या दिवशी एवढ्याच कामाला आली.

मी बाहेर आलो. बाबांनी सरकारी नोकरीत असताना अशा किती दारांबाहेर वाट पाहिली, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. माझ्यावर ती वेळ येऊ नये म्हणून मला शिकवलं. आणि मी इथे, माझ्याच मशीनसमोर, बाहेर.

आत घंटा वाजली. आरती झाली. नारळ फुटला, टाळ्या पडल्या. मग काहीच नाही. मशीन हललंच नाही.

हलणार कसं? गॅसच्या मुख्य व्हॉल्व्हवर माझं कुलूप होतं. आमच्या कामात ज्याने व्हॉल्व्ह बंद केला त्याने स्वतःचं कुलूप लावायचं आणि त्यानेच काढायचं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, मालकानेही नाही. कारण पुढे लाइनवर कुणी काम करत असेल तर त्याचा जीव जाईल. सकाळी मी ते लावलं होतं, पूजेत दिवा आणि कापूर पेटणार, तेव्हा मशीनपर्यंत गॅस यायला नको म्हणून. त्यांच्याच जिवाची काळजी. आरती झाली की काढणार होतो. मला बाहेर काढायच्या घाईत हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

सर धावत आले. "चावी दे."

"कुलूप मी काढणार," मी म्हणालो. "आणि बटणही मीच दाबणार."

"अरे, मालक बसलेत आत. सिचुएशन समज ना यार. नोकरी जाईल तुझी."

"जाऊ दे."

घराचे हप्ते, मुलीची शाळा, सगळं डोळ्यांसमोर आलं. तरी शब्द मागे घेतला नाही.

मग प्लांट हेड स्वतः आले. हसत. "इंजीनियर साहब, पूजा हो गई. अब आ जाइए।"

अब आ जाइए. माझं डोकंच फिरलं. मी मोठ्याने विचारलं, आत मालकाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "पूजा से पहले क्यों नहीं? मुझे बाहर क्यों खड़ा किया, यहीं बोलिए। सबके सामने।"

दारात माणसं जमली. फिटर, वेल्डर, मालकाचे पाहुणे. प्लांट हेडच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. मनात होतं ते सगळ्यांसमोर बोलायची त्यांची छाती झाली नाही. मग प्लांट हेड दारातून बाजूला झाले.

मी कुलूप काढलं. लाइन तपासली. आत गेलो. ज्युनिअर न सांगता खुर्चीवरून उठला. मी बटण दाबलं. टर्बाइन फिरलं, पेटलं, पायाखालची फरशी थरथरायला लागली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. प्रसादाचं ताट माझ्याकडे आलं नाही. मला ते नकोच होतं.

पुढची साइट सरांनी मला दिली नाही. मी ती कंपनी सोडली.

आजही हेच काम करतो. माझ्याशी प्रेमाने वागा, असं मी कुणाला म्हणत नाही. नव्या साइटवर पहिल्याच मीटिंगमध्ये सांगून टाकतो: मशीन पहिल्यांदा पेटेल तेव्हा मी आत असेन. पूजा असली तरी, नसली तरी. कुणाला चालत नसेल तर त्याने आत्ता बोलावं, सगळ्यांसमोर, कारणासकट. मी बाहेर थांबणार नाही.