रिकामा चौकोन
स्केचपेनचं टोपण काढलं, की मला डोंबिवलीच्या नर्सिंग कॉलेजातली ती दुपार आठवते. तिथल्या अभ्यासक्रमाची नोंद करायचं काम माझ्याकडे होतं. कोणत्या वर्षाला कोण काय शिकवतं, याचा मोठा नकाशा मी भिंतीवर लावलेला, आणि प्रत्येक शिक्षिकेने त्यावर आपापली चिठ्ठी चिकटवायची होती. पंख्याने चिठ्ठ्या फडफडत होत्या, कँटीनमधून वड्यांचा वास येत होता. 'हात धुणे' या चौकोनात सात चिठ्ठ्या जमल्या तशा सगळ्या हसल्या. 'नातेवाइकांना मृत्यूची बातमी देणे' हा चौकोन मात्र रिकामाच राहिला. प्रत्येकीला वाटलेलं, दुसरी शिकवते. तेव्हा मोहन्याहून येणाऱ्या, निवृत्तीला टेकलेल्या मॅडम म्हणाल्या, "अगं, ते मी शिकवते. वॉर्डात, मुलींना सोबत नेऊन." मी विचारलं, "किती तास, मॅडम?" "तास कसले? आधी खुर्ची द्यायची, मग पाणी, मग शेजारी बसून सांगायचं. उभ्या माणसाला सांगायचं नाही." मी नवी होते, आणि स्वतःला फार हुशार समजत होते. "तास नसतील तर नोंद नाही होणार," मी म्हटलं. त्यांनी हातातली कोरी चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली. गेल्या वर्षी कल्याणच्या एका हॉस्पिटलात आयसीयूबाहेर मी उभी होते. एक अनोळखी, तरुण नर्स आली, माझ्यासाठी खुर्ची ओढली आणि पाणी आणायला वळली. तिने तोंड उघडायच्या आधीच मला कळलं, की बाबा गेले, आणि ही मुलगी कुणाच्या हाताखाली शिकली तेही. मॅडमना हे सांगायचंय, पण त्यांचा पत्ता माझ्या कुठल्याच नोंदीत नाही.