कुंचीची दुसरी नाडी

त्या दिवसांत लेकीचा फोन वाजला की आधी मी देवाचं नाव घ्यायची, मग हात फोनकडे जायचा. तिला सातवा लागला होता. आदल्या खेपेला सातव्यातच सगळं संपलं होतं, म्हणून त्या महिन्याचं नावसुद्धा मी घरात काढत नव्हते. आणि आमच्या लेकबाईसाहेबांनी नेमका त्याच महिन्यात परभणीहून फोन केला.

"आई, मी फोटो पाठवायलेय. बाळासाठी एक कुंची कर. क्रोशाचीच पायजे."

आमच्याकडे जन्माआधी बाळासाठी नवं काही शिवत नाहीत. पहिले दिवस जुन्या, धुऊन मऊ झालेल्या कापडावर जातात; नवं अंगाला लागतं ते बारशाला. आदल्या खेपेला आम्ही दोघींनी हे हसण्यावारी नेलं होतं. पिवळी लोकर, शिंपल्याची वीण. टोपडं, मोजे, स्वेटर, सगळं बटणांसकट पुरं करून ठेवलं होतं. ते आजही पेटीच्या तळाशी आहे. कुणाला देववत नाही आणि उसवायला हात धजावत नाही.

पण लेकीला नाही कसं म्हणायचं? नाही म्हटलं असतं तर माझी भीती तिच्या अंगात शिरली असती. मी म्हटलं, करते की.

तिने फोटोंचा पाऊस पाडला. सशाचे कान असलेली, मोती लावलेली, पाठीवर गुलाब असलेली. मी एकेक बघायची आणि घाबरायची. मोती तुटून तोंडात गेला तर? जाळीत बोट अडकलं तर? पिवळा तर नकोच. लोकरही नको, शिंपले नकोत, आणि ज्या सुईने मागचं विणलं ती सुईसुद्धा नको. इतकं सगळं वजा केल्यावर उरला पांढरा सुती दोरा आणि साधी खांबाची वीण. आतून लावायला माझ्याच जुन्या सुती साडीचा तुकडा काढला. निदान आतलं तरी जुनं, असा मी मनाशी हिशेब लावला. नजर लावणारं जे कोणी असतं, त्यालाही मी दुकानदारासारखी घासाघीस करत होते.

दोरा आणायला बाजाराच्या दिवशी ताडकळसला गेले. दुकानदाराने दोऱ्याचे गुंडे पुढ्यात टाकले आणि सहज विचारलं, "कुणासाठी हाय, मावशी? नात का नातू?"

खरं सांगायची सोय नव्हती. शेजारणीच्या नातवासाठी म्हणावं, तर तिच्या घरावर कशाला संकट ढकलू? तोंडातून निघालं, "बाळकृष्णासाठी. देवघरातल्या."

"मूर्ती केवढी हाय?"

मी सवयीने दोन्ही हात पुढे केले. तान्हं मूल मावेल एवढे.

"लय मोठा हाय की तुमचा बाळकृष्ण!" म्हणत त्याने जरीची चकचकीत लेस काढली आणि बरोबर मोरपिसंही दाखवली. एरवी मी हसून लोळले असते. त्या दिवशी देवाच्या नावाने खोटं बोलल्याची आणखी एक भीती पिशवीत घालून घरी आले.

दिवसा, उजेडासाठी दार उघडं ठेवून विणायची. कुणी आलं की सगळं पदराखाली. शेजारीण म्हणालीही, "काय लपवायलीस गं एवढं?" मी तिला चहा पाजून वाटेला लावलं.

कुंची होत आली. डोक्याला गोल, खाली पाठभर लांब, आणि गळ्याशी बांधायला दोन नाड्या. एक नाडी लावली. दुसरी विणून हातात घेतली आणि दोरा ओवता ओवता थांबले. ही लावली की कुंची पुरी होणार होती. मागचं पुरं झालं होतं. मी ती नाडी कापसाच्या डब्यात टाकली आणि झाकण घट्ट लावलं.

लेकीला फोटो पाठवताना नाडी नसलेली बाजू दुमडून ठेवली. पण पोरगी माझीच. लगेच फोन आला.

"आई, दुसरी नाडी कुठाय?"

मी डब्याचं झाकण आणखी दाबलं. तिला काय ते कळलं. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "राहू दे. नको लावू आत्ताच. मला बी लय भ्या वाटायलंय."

इतके महिने मी जी भीती तिच्यापासून दडवत होते, ती तिच्याकडे आधीपासूनच होती. फोन ठेवून मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले.

दिवस भरले. जावयांचा फोन आला तेव्हा मी तुरीच्या शेंगा सोलत होते. मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. तरी विश्वास बसेना. कुंची, डबा, सुई पिशवीत टाकून परभणीची बस धरली. नाडी घरी लावली नाही. डोळ्यांनी बघितल्याशिवाय लावणार नव्हते.

दवाखान्यात पोर जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली होती, मूठ तोंडात घातलेली. मी तिच्या छातीकडे बघत बसले. वर, खाली, वर, खाली. मग खाटेशेजारी बसून सुईत दोरा ओवायला लागले. दोरा नेढ्यातून जाईना, अखेर लेकीनेच ओवून दिला. मी टाके घालत असताना नर्सबाई आल्या.

"कुणाची हो ही कुंची, मावशी?"

बाळकृष्ण ओठांवर आला होता. मी तो गिळला.

"माझ्या नातीची," म्हणाले.

लेकीने उशीवरून माझ्याकडे मान वळवली.

"आई," ती म्हणाली, "आणखी एकदा म्हण."