वकीलसाहेबांची टेप

रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात सुटे भाग कधी पुरत नाहीत. किस्से मात्र ठेवायला जागा उरत नाही. साठ सालाच्या आसपास मी आणि माझा दोस्त नाना अकोल्यात असं दुकान चालवत होतो. लोक जुनं देऊन नवं घ्यायचे आणि मग आमच्याकडे यायचे!

*

पातूरच्या एका काकांनी गावात वीज आली म्हणून बॅटरीचा रेडिओ काढून विजेवरचा घेतला. काही दिवसांतच तो घेऊन एसटीनं हजर!

"काय बिघडलं, काका?"

"बिघडलं कायचं! याच्यातबी तोच मानूस बातम्या सांगून राह्यला ना! मंग नवीन काय घेतलं आमी?"

*

शेजारच्या गल्लीतला एक रेडिओ आमच्या टेबलावर मस्त बोलायचा, घरी गेला की मुका. दोनदा तपासला, काही सापडेना. शेवटी नाना घरीच गेला. पाहतो तर एरियलच्या तारेवर ओलं लुगडं!

"बाई, ही तार रेडिओची आहे."

"मंग काय झालं? रिकामीच तं होती!"

*

एका मास्तरांचा हट्ट, सागवानी डबा जुनाच ठेवायचा, आतलं यंत्र तेवढं नवं. बसवलं. पण जुन्या काचेवरची स्टेशनांची नावं नव्या यंत्राशी जुळेनात. काटा दिल्लीवर, बोलतंय नागपूर!

नाना नवी काच घेऊन गेला, तर मास्तरीणबाई दारातच आडव्या.

"काचेले हात लावू नका. नागपूर दिल्लीले असते, हे मले आता पाठ झालं!"

*

आणि ते अमरावतीचे वकीलसाहेब. त्यांचा टेपरेकॉर्डर जळाला, म्हणून त्यांनी नवा आणला. जुन्या टेपवर त्यांच्या बायकोचं एक गाणं होतं. बाई आदल्या वर्षी वारल्या होत्या. नव्या यंत्रावर आवाज येई तो नुसता चिवचिवाट.

"ही ती नाही हो," वकीलसाहेब म्हणाले.

आम्ही टेपवरची धूळ पुसली, यंत्राचा पट्टा बदलला. तसंच! नानानं नव्या यंत्रात कोरी टेप लावून स्वतःचा आवाज भरून ऐकला, तो अगदी चोख. यंत्र चांगलं, टेप चांगली, मग घोडं अडलं कुठं?

"जुनं यंत्र हळू फिरत असंन काय रे?" नाना म्हणाला.

जळालेलं यंत्र उघडलं. त्याच्या मोटरवरची, टेप फिरवणारी पितळी चकती खरंच लहान होती; चकती लहान तेवढी टेप हळू! ती नव्या मोटरवर बसेना आणि तशी दुसरी मिळणं शक्य नव्हतं. म्हणून नवी चकती कानसेनं घासायला घेतली. थोडी घासायची, बसवायची, ऐकायचं.

आधी परकरातली पोर गात होती. पुन्हा घासली. आवाज थोडा खाली आला, भरला. वकीलसाहेब खुर्चीतून पुढे सरकले. आणखी एकदा घासली.

"थांबा!"

"अजून थोडं बाकी आहे, साहेब," मी म्हणालो. "खरा आवाज याच्याही खाली आहे."

त्यांनी डोळे मिटले होते.

"मले माहीत आहे. राहू द्या. ही लग्नातली ती आहे."