ध्रुवावरची काजळी

शंकाकाका दार लगेच कधीच उघडत नसत. आधी पडद्याआडून बघत, मग साखळी न काढता विचारत, "कोण? काय काम?" परदेशातल्या बॉथेल गावात आमची घरं भिंतीला भिंत लागून होती, तरी माझी ही चौकशी रोजची. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. काकांचं कधी पोळलं होतं देव जाणे, फुंकणं मात्र अखंड चालू असे. इंडियन स्टोअरमधलं तूप असो की हवामानाचा अंदाज, त्यांचा शेरा ठरलेला: "लेबल काय, कुणीही प्रिंट करतं!"

एका वस्तूवर मात्र त्यांची आंधळी श्रद्धा. काचेच्या कपाटात, गणपतीशेजारी, पितळी पंपाचा एक स्टोव्ह होता. दक्षिण ध्रुवाकडे निघालेल्या जुन्या काळच्या एका तुकडीनं तंबूत त्यावर बर्फ वितळवलं होतं म्हणे. कुणा खलाशाच्या म्हाताऱ्या मुलीकडून काकांनी तो घेतला होता. मला तो आमच्या नागपूरच्या स्वयंपाकघरातल्या स्टोव्हचा सख्खा भाऊ वाटे. "काका, हा नक्की ध्रुवावर गेला होता की आमच्या नागपूरच्या इतवारी बाजारात?" असं मी एकदा विचारलं, तर आठवडाभर बोलले नाहीत.

ते काळवंडलेलं पितळ बघून काकूंचे हात शिवशिवत. "चिंच लावली की लख्ख होईल हो." त्यावर काका किंचाळत, "हात लावू नकोस! ती काजळी प्रूफ आहे." ती काजळी तपासायला जानेवारीत म्युझियमचा एक जाणकार येणार होता. तो 'खरा' म्हणाला, की स्टोव्ह म्युझियममध्ये आणि खाली काकांच्या नावाची पाटी. "आयुष्य या देशात काढलं, नाव राहील ते एवढंच," असं ते एकदा हळूच म्हणाले होते.

२००६च्या डिसेंबरात वादळ झालं. झाडं पडून रस्ते बंद झाले, वीज गेली ती येईचना. आमची शेगडीही विजेचीच. नवरा पुण्याला गेलेला, आणि कडेवरची लेक गार दूध थुंकून टाकत होती. मी रडतच काकांचं दार ठोठावलं. साखळी आधीच निघालेली होती. "आत ये आधी," काका म्हणाले, आणि सरळ कपाटाकडे गेले.

"काका, नको! म्युझियमवाले येणार आहेत—"

"तू गप्प बस." मग काकूंना हाक मारली, "अगं, कंदिलाचं तेल कुठंय?"

गॅरेजचं दार वर करून त्यांनी पंप मारला. स्टोव्ह आधी भडकला, काळा धूर ओकला, मग निळा होऊन फुरफुरू लागला. लेक बाटलीभर दूध पिऊन झोपली.

जानेवारीत तो जाणकार आला, बर्नर पाहिला आणि मान हलवली. जुन्या काजळीवर नवी चढलीय, आता काहीच सांगता येणार नाही, म्हणाला. काका त्याला दारापर्यंत सोडून आले, एवढंच.

संशय मात्र मला चिकटला. स्टोव्ह खोटा आहे हे काकांना आधीच ठाऊक असणार, म्हणून तर एवढ्या सहज पेटवला! २००८मध्ये ते मुलाकडे प्लेनो शहरात कायमचे राहायला निघाले, स्टोव्ह माझ्या हातात दिला, तेव्हा मी विचारलंच.

काकांनी माझ्याकडे साखळीआडून बघावं तसं बघितलं. "शंभर टक्के खरा आहे. तेव्हाही माहीत होतं," ते म्हणाले. "शंका घ्यावी गं, पण माणूस बघून घ्यावी."

काका आता नाहीत. त्यांची फार आठवण येते. परवा लेक आमच्या कपाटातल्या स्टोव्हपाशी उभी राहून म्हणाली, "आई, इट्स सो डर्टी! कॅन आय क्लीन इट?"

"हात लावू नकोस!" मी किंचाळले. "ती काजळी प्रूफ आहे."